भुताच्या वेषात शेक्सपिअरच होता?

महोदय,

रविवार पुरवणीतला शेक्सपिअरवरचा लेख वाचनीय आहे. मात्र ‘हॅम्लेट’मधले भूत आणि ‘ॲज यू लाइक इट’मधला म्हातारा नोकर ॲडम ही कामे तो स्वतः करीत असे, हे विधान लेखकाने बेधडक ठोकून दिले आहे. त्याला कागदाचा आधार नाही.

शेक्सपिअर नट होता यात वादच नाही. समकालीन नाटककार बेन जॉन्सनच्या १५९८ आणि १६०३ सालच्या नाटकांतल्या नटांच्या यादीत तो आहे. त्याच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात २६ नटांची नावे छापली आहेत, त्यांत पहिले त्याचेच. पण कोणी कोणते काम केले, हे तिथे दिलेले नाही. भुताची गोष्ट लिहिली शेक्सपिअरचा चरित्रकार निकोलस रो याने, १७०९ साली, म्हणजे शेक्सपिअरला जाऊन ९३ वर्षे झाल्यावर, आणि तीही ऐकीव. तरी ती मला पटण्याजोगी वाटते. जॉन डेव्हिस या समकालीन कवीच्या एका कवितेत शेक्सपिअर राजाची कामे करीत असल्याचा उल्लेख येतो, आणि हे भूत राजाचेच आहे. शिवाय मोजक्या प्रवेशांचे काम. कंपनीचा भागीदार आणि नाटककार अशा माणसाला झेपेल असे. हॅम्लेटचे ओझे कंपनीतला प्रमुख नट रिचर्ड बर्बेजच्या खांद्यावर होते. (आपल्याकडे ते गणपतराव जोशींनी पेलले.)

ॲडमची कथा मात्र टिकत नाही. १६६० नंतर, चार्ल्स दुसरा गादीवर आल्यावर, शेक्सपिअरच्या अतिवृद्ध भावाने नटांना सांगितले म्हणे, की लांब दाढीचा, थकलेला म्हातारा झालेल्या विल्यमला दुसऱ्याने उचलून आणून जेवणाऱ्यांत बसवलेले आपण पाहिले होते. वर्णन नाटकातल्या ॲडमचेच, पण शेक्सपिअरचे भाऊ एडमंड १६०७, गिल्बर्ट १६१२ आणि रिचर्ड १६१३ साली वारले होते. मग सांगितले कोणी?

विल केम्प या विनोदी नटाचे नशीब बरे. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या १५९९ च्या प्रतीत पात्राऐवजी चक्क त्याचेच नाव रंगसूचनेत छापले गेले, म्हणून पीटर नोकराचे काम त्याचे होते हे कळते. शेक्सपिअरच्या नावाची अशी चूक कुठे झालेली नाही. तेव्हा लेखात निदान ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द घालायला हवे होते, आणि ॲडमपुरते तेही जास्तच झाले असते.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली