हरणाला कायदा, कुसळीला खड्डा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की गायरानांवर जेसीबी फिरतो, झाडांसाठी ओळीने खड्डे पडतात आणि 'पडीक' जमीन हिरवी करण्याचा कार्यक्रम उरकतो. ही जमीन पडीक नसते.

काळवीट आणि कुसळी गवत, दोन्ही मराठवाड्याच्या माळरानाचेच. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुसळीच्या वाट्याला फक्त मेंढपाळाच्या शिव्या, आणि त्याही अगदीच खोट्या नाहीत. पिकलेले बी लोकरीतून थेट कातडीत रुतते. पण त्याच बियाचे कुसळ ओले करून तळहातावर ठेवून पाहा. पीळ उलगडू लागतो, वाळले की पुन्हा बसतो आणि या फिरण्याने बी गिरमिटासारखे मुरमाड जमिनीत शिरते. पीळ काळविटाच्या शिंगांनाही असतो. तो दिसतो, हा दिसत नाही, एवढाच फरक!

हरीण पळते, गवत जागेवरच मरते, असे वाटेल. पण नुकते जन्मलेले पाडस पळत नाही. सुरुवातीचे दिवस ते गवतात निपचित पडून राहते. आडोसा गेला की गावकुत्र्यांना आयतेच सापडते. मोठी हरणे मग हरभऱ्यात, कोवळ्या सोयाबीनमध्ये घुसतात आणि शेतकऱ्याच्या नशिबी पंचनाम्याचे हेलपाटे येतात.

माळावर माती जेमतेम वीतभर, खाली मुरूम. टँकर बंद झाला की पहिल्याच उन्हाळ्यात रोपे वाळतात. जगली तर ग्लिरिसिडियाची परदेशी झाडे जगतात, अन् त्यांच्या दाट सावलीत कुसळी टिकत नाही. झाडे लावायचीच तर ओढ्याकाठी, बांधावर लावा.

माळावर गवतच धरावे. कुसळीचे बी पावसाळा सरताना गोळा करावे. ताजे बी सहसा उगवत नाही, काही महिने सुप्त राहते, म्हणून ते पुढच्या जूनमध्येच टाकावे. सेंटीमीटरभरच मातीआड करावे. खोल गेले तर कोंब वर येत नाही. जिथे माती थोडी बरी, तिथे मारवेल गवताचे ठोंब अर्ध्या मीटरवर लावावेत. पहिला पावसाळा चराई पूर्ण बंद. यात सवलत दिली की कोवळे ठोंब मुळासकट उपटले जातात. पुढे कापणी फुलोऱ्यात, कुसळे कडक होण्याआधी करावी, म्हणजे जनावरे चारा आवडीने खातात. माळाचा एक पट्टा मात्र बियांसाठी उभा ठेवावा आणि तो दरवर्षी बदलावा.

खड्ड्यांच्या अंदाजपत्रकाला मंजुरी देण्याआधी ग्रामसभेने माळ मे महिन्यात नव्हे, ऑक्टोबरात फिरून पाहावा.

– माळरानाचे दोन अभ्यासक, जि. बीड