गिअर जितके जास्त, तितकी गाडी वेगवान?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी ड्रॅग रेसिंगवरचा (म्हणजे सरळ पट्टीवर थोड्या अंतराच्या वेगाच्या शर्यतींवरचा) लेख येथे मिशिगनमध्ये ई-पेपरवर वाचला. विषयाची ओळख लेखकाने चांगली करून दिली आहे. परंतु ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर जितके जास्त तितकी गाडी वेगवान, असा जो निष्कर्ष त्यांनी २०१८ सालच्या डॉज डीमनवरून काढला आहे, तो मला पटला नाही. डीमनचे आठ गिअर खरे आणि पाव मैलाची ९.६५ सेकंदांची नोंदही खरी. पण ती गाडी सुमारे १,९०० किलो वजनाची आहे, ती रोजच्या रस्त्यावरही चालवायची असते आणि तिचे गिअर संगणक बदलतो. केवळ शर्यतीसाठी घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या गाडीचा हिशेब निराळा असतो.

अशा गाड्यांत आजही मान आहे तो शेव्हरलेच्या पॉवरग्लाइडला. १९५० साली आलेल्या आणि १९७३ साली उत्पादन थांबलेल्या या गिअरबॉक्सला पुढे जाण्याचे गिअर दोनच: पहिला १.७६ किंवा १.८२ गुणोत्तराचा आणि दुसरा थेट, म्हणजे १ गुणोत्तराचा. घरगुती गाडीत तो सुस्त म्हणून ओळखला जाई आणि त्यात खोटे काही नव्हते. तरीही हलक्या व ताकदवान गाडीत तो उत्तम चालतो, याचे कारण त्याच्यापुढे बसवलेल्या, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या प्रवाहाने जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आहे. सुटताना हा कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) दुपटीच्या आसपास वाढवतो, त्यामुळे पहिला गिअर फार खालचा (मोठ्या गुणोत्तराचा) असण्याची गरज उरत नाही. मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर गिअर बदलला, तर १.७६ वरून थेट गिअरवर येताना इंजिन कागदावर चार हजारांच्याही खाली यायला हवे. पण कन्व्हर्टर साडेपाच हजारांच्या स्टॉलचा असेल (म्हणजे गाडी जागीच रोखली असता इंजिनाला साधारण तेवढ्या फेऱ्यांपर्यंत चढू देणारा), तर तो इंजिनाला तेवढे खाली उतरूच देत नाही. म्हणून कन्व्हर्टर न ठरवता गिअरबॉक्स विकत घेणे म्हणजे पायाचे माप न देता जोडे शिवायला टाकण्यासारखे आहे.

याउलट १९६४ साली आलेल्या, जनरल मोटर्सच्या टर्बो ४०० या तीन गिअरांच्या गिअरबॉक्सची गुणोत्तरे २.४८, १.४८ आणि १ अशी आहेत. हा गिअरबॉक्स कमालीचा दणकट आहे, पण जड आहे आणि त्याचे आतले फिरते भागही जड आहेत. ते फिरवण्यात इंजिनाची काही शक्ती खर्च होते. (कोणता गिअरबॉक्स किती अश्वशक्ती खातो, याचे आकडे येथे सर्रास सांगितले जातात, ते कोणी, कधी आणि कोणत्या गाडीवर मोजले, हे मात्र कोणी सांगत नाही.) गाडी दीड टनाच्या वर असेल, इंजिन बेताचे असेल किंवा ती रस्त्यावरही चालवायची असेल, तर मी बेलाशक तीन गिअरच घ्यायला सांगेन.

माझ्या शेजाऱ्याच्या जुन्या शेव्हरले नोव्हा गाडीमध्ये आम्ही प्रथम टर्बो ४०० बसवला होता आणि मागच्या धुरीचे गुणोत्तर ४.१० होते. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये टॉर्कचा एकूण (२.४८ × ४.१०) दहापट गुणाकार, वर कन्व्हर्टरचा वेगळा. टायर मात्र अरुंद. येथील मिशिगनमधल्या मिलानच्या ड्रॅगस्ट्रिपवर (शर्यतीच्या पट्टीवर) धूर भरपूर निघाला, गाडी फारशी हलली नाही. पुढे पॉवरग्लाइड आणि ४.५६ ची धुरी बसवल्यावर हाच गुणाकार आठवर आला, टायरांनी पकड घेतली आणि एका संध्याकाळच्या फेऱ्यांच्या वेळा शतांश सेकंदांच्या फरकाने जुळू लागल्या.

हौशी स्पर्धकाच्या दृष्टीने हे जुळणेच मोलाचे असते. येथील ब्रॅकेट शर्यतीत स्पर्धक आपली अपेक्षित वेळ आधीच काचेवर लिहून देतो आणि त्याहून लवकर पोहोचला तर सहसा हरतो. त्यामुळे अतिवेगापेक्षा दर वेळी तीच वेळ साधणारी गाडी जिंकते आणि एकदाच गिअर बदलायचा असला की चुकण्याची जागाही एकच राहते. सुटण्यासाठी ट्रान्सब्रेक वापरतात: गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स एकाच वेळी गुंतवून गाडी जागीच जखडायची आणि बटण सोडताच रिव्हर्स सुटून गाडी झेपावते. ही सोय पॉवरग्लाइडमध्ये सहज बसवता येते.

लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाड्या पळवणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना यातले बरेचसे जसेच्या तसे लागू होणार नाही. त्यांतील अनेकांच्या गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आणि फोक्सवॅगनच्या दुहेरी क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या असतात. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. तेथे पहिला प्रश्न क्लचच्या सहनशक्तीचा आहे. सात गिअरांचा कोरड्या क्लचचा डीएसजी २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे, तर सहा गिअरांचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी ३५० पर्यंत. या दोहोंतही गिअर कमी असलेलाच अधिक सोसतो, हे लेखकाने ध्यानात घ्यावे आणि पुढील भागात त्या विधानाची दुरुस्ती करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मिशिगन (अमेरिका)