जपानी खेळांच्या पडत्या काळाविषयी मिलिंदला पत्र

पुणे,
१८ जानेवारी २०२६

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जपानी व्हिडिओ गेम उद्योग वीस वर्षांपूर्वीच मागे पडला आणि आज जे दिसते ते जुन्या पुण्याईवर चालले आहे, असे तू शेवटच्या परिच्छेदात लिहिले आहेस. त्यात बरेच तथ्य आहे, पण तुझा निष्कर्ष मला पटत नाही. आणि या खेळांवर आपण दोघांनीही मनापासून प्रेम केलेले असल्यामुळे चार ओळींत उत्तर देऊन विषय मिटवावा, असेही वाटत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

ज्या उंचीवरून जपान घसरला असे आपण म्हणतो, ती उंची मुळात कशी आली, हे आधी पाहायला हवे. बसस्थानकामागच्या पार्लरमध्ये ज्या यंत्रांपुढे मुलांची गर्दी असे, त्यांतला ‘स्ट्रीट फायटर २’ कॅपकॉमचा आणि ज्याला सगळे नुसते ‘मुस्तफा’ म्हणत तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ही कॅपकॉमचाच. घरी टीव्हीला जोडायच्या यंत्रात ज्या कॅसेट आपण घालत असू, त्यांतला ‘मारिओ’ निन्टेन्डोचा आणि ‘कॉन्ट्रा’ कोनामीचा. ती यंत्रेदेखील बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकलाच होत्या. म्हणजे आपल्या लेखी व्हिडिओ गेम ही वस्तूच जपानी होती. पण फॅमिकॉम जपानमध्ये विक्रीला आला तो जुलै १९८३मध्ये, आणि त्याच सुमारास अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार सुमार खेळांच्या गर्दीमुळे कोसळला होता. अटारीसारखी कंपनी मोडकळीला आली, दुकानदार या वस्तूचे नाव काढू देईनात, आणि १९८५नंतर निन्टेन्डोने तिथे पाऊल टाकले तेव्हा दिवाणखान्यातल्या टीव्हीसाठी तोलामोलाचा प्रतिस्पर्धीच उरला नव्हता. ‘मारिओ’चे मियामोतो शिगेरू, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे होरी युजी, ‘फायनल फँटसी’चे साकागुची हिरोनोबू या खेळकर्त्यांची प्रतिभा मी तसूभरही कमी लेखत नाही; परंतु पुढच्या पंधरा वर्षांतले एकछत्री राज्य हे त्या प्रतिभेबरोबरच त्या मोकळ्या मैदानाचेही फळ होते. पाश्चात्त्य गेमकर्ते त्या काळात नाहीसे झाले नव्हते, ते संगणकाकडे वळले होते. ते परत येणार होतेच, आणि ते परतल्यावर जपानचा वाटा कमी होणेही अटळ होते. वाटा घटणे आणि अधोगती होणे यांत मला मोठा फरक वाटतो.

तरीही २००५ ते २०१३च्या सुमारास जे झाले ते केवळ वाटा घटणे नव्हते, हे मी मान्य करतो. त्या काळात मोठ्या जपानी कंपन्यांना मोठे खेळ वेळेवर आणि नीट बनवणे खरोखरच जमेनासे झाले होते, आणि त्याची कारणे प्रतिभेपेक्षा कारखान्यात अधिक होती. प्लेस्टेशन २पर्यंत प्रत्येक कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राची, घडण आगळी असे, आणि त्या यंत्राच्या पोटात शिरून त्याच्याकडून कुणाला न सुचलेले काम करून घेणे हे जपानी प्रोग्रामरांचे खास कसब होते. हे कसब माणसात आणि त्याच्या छोट्या गटात राहत असे. कागदावर फारसे उतरत नसे, दुसऱ्या कंपनीपर्यंत तर कधीच पोहोचत नसे. पुढचा खेळ पुन्हा जवळजवळ शून्यापासून सुरू होई. तीस-चाळीस माणसांच्या गटाला हे परवडत होते. मग २००५ साली एक्सबॉक्स ३६० आणि २००६ साली प्लेस्टेशन ३ आले, चित्रे हाय डेफिनिशन झाली, आणि एकेका खेळासाठी शेकडो माणसे लागू लागली. संगणकावर वाढलेल्या अमेरिकी आणि युरोपीय स्टुडिओंना एकच इंजिन, म्हणजे खेळाचा पाया असलेली तयार प्रणाली, अनेक खेळांसाठी वापरण्याची सवय आधीपासून होती. अनरियलसारखे तयार इंजिन विकत घेऊन कामाला लागणे त्यांना सहज जमत होते, आणि मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स तर बव्हंशी संगणकाच्या भागांतूनच घडवलेला होता. जपानी कंपन्यांना मात्र खेळ बनवता बनवताच त्याची अवजारेही घडवावी लागली.

‘फायनल फँटसी’ मालिका काढणाऱ्या स्क्वेअर एनिक्सचे उदाहरण यासाठी अगदी बोलके आहे. ‘क्रिस्टल टूल्स’ नावाचे स्वतःचे इंजिन त्यांनी ‘फायनल फँटसी १३’बरोबर एकाच वेळी बनवायला घेतले, आणि दोन्ही कामे एकमेकांत अडकून पडली. २००६मध्ये जाहीर झालेला याच मालिकेतला ‘व्हर्सस १३’ शेवटी ‘फायनल फँटसी १५’ या नावाने बाहेर पडला तो २०१६च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. त्यांचा ऑनलाइन ‘फायनल फँटसी १४’ सप्टेंबर २०१०मध्ये आला आणि इतका फसला की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. तो खेळ नंतर ज्यांच्या हाती सोपवला त्या योशिदा नाओकींनी पुढे एका भाषणात सांगितले की, त्यातल्या एका फुलाच्या कुंडीला जवळजवळ खेळाडूच्या पात्राइतकेच बहुभुज, म्हणजे पडद्यावरची आकृती ज्यांतून घडते ते छोटे तुकडे, वापरलेले होते. मिलिंद, मला त्या संपूर्ण दशकाचे दुखणे या एका कुंडीत दिसते. प्रत्येक वस्तू हाताने घासूनपुसून सुंदर करायची जुनी कारागिरी तिथे शाबूत होती. पण शेकडो पात्रे एका वेळी पडद्यावर येणाऱ्या खेळात तीच कारागिरी यंत्राला झेपेनाशी झाली होती. योशिदांच्या गटाने जुना खेळ चालू ठेवत नवा घडवला, जुन्या जगाचा कथेतच विध्वंस घडवून त्याचा पडदा पाडला, आणि ऑगस्ट २०१३मध्ये तोच खेळ नव्याने उभा केला. आज तो कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे.

कारखान्यातला हा दोष दुरुस्त होण्याजोगा होता. त्याहून मोठे नुकसान झाले ते आत्मविश्वास गेल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे. २००९च्या टोकियो गेम शोमध्ये कॅपकॉमच्या इनाफुने केजींनी जपानचा गेम उद्योग संपला, असे उघडपणे सांगितले. त्यांच्यासारख्या अनुभवी निर्मात्याला तसे वाटले यात त्यांचा प्रामाणिकपणा होता. पण या भावनेवर ज्या कंपन्यांनी उपाय शोधला त्यांनी पाश्चात्त्य आवडीची नक्कल करण्याचा रस्ता धरला. कोनामीने ‘सायलेंट हिल’ ही भयकथांच्या खेळांची मालिका आधी एका अमेरिकी आणि नंतर एका चेक स्टुडिओकडे दिला, आणि त्या मालिकेतली ती अंगावर येणारी, नीट न उलगडणारी भीती विरून गेली. कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट इव्हिल ६’मध्ये २०१२ साली भीतीच्या जागी गोळीबार आणि स्फोट आले. विक्री वाईट नव्हती, परंतु तो खेळ नक्की कुणासाठी बनवला आहे, हे खेळताना कळत नव्हते. स्वतःच्या आवडीवर विश्वास नसलेला माणूस दुसऱ्याच्या आवडीचा अंदाज बांधत बसतो, आणि तो अंदाज बहुधा चुकतोच.

त्याच वर्षांत खुद्द जपानमध्ये काय चालले होते, हे बाहेरून पाहणाऱ्यांना फारसे दिसले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तिथला खेळाडू टीव्हीसमोरून उठला होता. लोकलच्या प्रवासात आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या यंत्रावर ‘मॉन्स्टर हंटर’ खेळणे हे तिथले वेड होते, आणि नंतर हा पैसा फोनकडे गेला. २०१२ साली ‘पझल अँड ड्रॅगन्स’ हा फोनवरचा खेळ आला. याच वर्षी तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने ‘कॉम्प्लीट गाचा’ या, पैसे भरून निघणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस देणाऱ्या, सोडतीच्या प्रकाराला बेकायदा ठरवले, पण साध्या सोडतीतून येणारे उत्पन्न चालूच राहिले. या सोडतींविषयी मला मुळीच आदर नाही. मुलांच्या खिशातून थेंबाथेंबाने पैसे काढणारी ती व्यवस्था आहे. पण ज्या उद्योगाला आपण बुडालेला म्हणत होतो तो कमाईच्या दृष्टीने बुडालेला नव्हता, एवढे त्यावरून दिसते. ‘मेटल गिअर’चे कर्ते कोजिमा हिदेओंसारखा माणूस २०१५च्या अखेरीस कोनामीतून बाहेर पडला, यामागे उत्पन्नाचे हे बदललेले गणितही असावे, असे मला वाटते.

निन्टेन्डोविषयी लिहिताना मी तिचे तेव्हाचे अध्यक्ष इवाता सातोरूंच्या पुढे जाऊ शकत नाही. वी यू हे निन्टेन्डोचे गेमयंत्र जेमतेम १.३५ कोटी विकले गेले, तोटे झाले, भागधारकांनी माणसे कमी का करत नाही असे विचारले. तेव्हा नोकरी जाण्याच्या भीतीत वावरणारी माणसे लोकांच्या मनाला भिडणारे खेळ बनवू शकणार नाहीत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. जुलै २०१५मध्ये ते गेले. ज्या स्विच या पुढच्या यंत्राची तयारी त्यांच्या काळात सुरू झाली तो मार्च २०१७मध्ये आला आणि पुढे १५ कोटींहून अधिक विकला गेला. त्यांनी राखलेल्या माणसांनीच तो आणि त्याच्यासोबतचा ‘झेल्डा’ घडवला, म्हणून या यशाचे श्रेय मी नशिबाला देत नाही.

आता फ्रॉमसॉफ्टवेअर या गेम कंपनीकडे येतो, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यांच्यावर टेकलेला आहे. तिथले मियाझाकी हिदेताका हे आधी संगणक क्षेत्रात नोकरी करणारे गृहस्थ. उएदा फुमितो यांचा ‘इको’ हा खेळ खेळल्यावर त्यांनी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी क्षेत्र बदलले, तेही कमी पगारावर. लहानपणी घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे ते वाचनालयातून पुस्तके आणत. इंग्रजी अद्भुतकथा पूर्ण समजत नसत, आणि जे समजत नसे ते चित्रांवरून आणि कल्पनेने भरून काढत. त्यांच्या खेळांत कथा तुकड्यातुकड्यांनी, एखाद्या गंजलेल्या तलवारीच्या वर्णनातून कळते, याचे मूळ या वाचनात आहे. कंपनीत रखडलेला ‘डीमन्स सोल्स’ त्यांनी मागून घेतला, कारण फसलेल्या कामावर कुणाचे लक्ष नसते आणि मनासारखे करता येते. फेब्रुवारी २००९मध्ये तो जपानमध्ये आला. म्हणजे त्याच वर्षी, ज्या वर्षी इनाफुनेंनी उद्योग संपल्याचे सांगितले. हा कठोर, न शिकवणारा, वारंवार मारणारा खेळ सोनीने अमेरिकेत प्रकाशितच केला नाही. तो ॲटलस या दुसऱ्या कंपनीने केला. आशियातल्या इंग्रजी प्रती परदेशातल्या शौकिनांनी आधीच मागवायला सुरुवात केली होती. त्यातून ‘डार्क सोल्स’, ‘ब्लडबोर्न’ आणि ‘सेकिरो’ आले, आणि फेब्रुवारी २०२२मध्ये आलेला ‘एल्डन रिंग’ वर्षभरात २ कोटींहून अधिक विकला गेला. परदेशी खेळाडूला काय आवडेल याचा हिशेब मांडून केलेला हा खेळ नव्हता, आणि तरीही परदेशी खेळाडूनेच त्याला सर्वाधिक उचलून धरले.

कॅपकॉमने दोन्ही बाजू सावरल्या. स्वतःचे ‘आरई इंजिन’ नीट घडवले, मग २०१७च्या जानेवारीत ‘रेसिडेंट इव्हिल ७’मध्ये मालिका पुन्हा एका अंधाऱ्या घरात आणून सोडली, आणि पुढच्या वर्षी ‘मॉन्स्टर हंटर वर्ल्ड’ जगभर एकाच दिवशी प्रसिद्ध केला. पूर्वी जपानी खेळ परदेशात पोहोचायला वर्ष-दीड वर्ष लागे, आणि तोवर लोकांचे लक्ष दुसरीकडे गेलेले असे. ही साधी गोष्ट सुधारायला त्यांना इतका काळ लागला, याचे मला आजही आश्चर्य वाटते. सेगा कंपनीच्या ‘याकुझा’चेही तसेच. २००६मध्ये परदेशासाठी इंग्रजी आवाज घालून आणलेला तो खेळ तिथे रुजला नाही. २०१७मध्ये ‘याकुझा ०’ मूळ जपानी आवाजांसह गेला आणि टोकियोतल्या काबुकिचो वस्तीवर बेतलेली ती गल्ली जगभरच्या लोकांना आपली वाटू लागली.

तरी एका बाबतीत तुझे दुःख मला पूर्णपणे मान्य आहे. मधल्या आकाराचे, थोडे विचित्र, मोजक्या लोकांचे खेळ मोठ्या कंपन्यांच्या छत्राखाली निघत असत, ती जागा बरीच आक्रसली. सेगाने २०२०च्या अखेरीस आपल्या आर्केडचा, म्हणजे गेम पार्लरांचा, व्यवसाय विकायला काढला. सोनीने गेम विभागाचे मुख्यालय २०१६मध्ये कॅलिफोर्नियात नेले आणि २०२१मध्ये टोकियोतला जपान स्टुडिओ मोडीत काढला. ‘इको’ याच स्टुडिओत घडला होता. तो काही प्रचंड खपला नव्हता. पण तो निघाला नसता तर मियाझाकी कदाचित नोकरीतच राहिले असते, आणि मग ‘एल्डन रिंग’ही नसता. कमी खपाच्या खेळांची किंमत ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते बंद करणे सोपे जाते. त्या स्टुडिओतून उरलेल्या टीम आसोबीने २०२४मध्ये ‘ॲस्ट्रो बॉट’ बनवून वर्षातला सर्वोत्तम खेळ हा मान मिळवला, तेव्हा मला आनंदापेक्षा हळहळच जास्त वाटली.

तू जमल्यास ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ अवश्य खेळ. २०२५मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या एका लहान स्टुडिओने तो केला, आणि जपानी भूमिकाप्रधान खेळांची पाळीपाळीने लढण्याची जी पद्धत खुद्द ‘फायनल फँटसी’ने जगाला आता आवडणार नाही म्हणून बाजूला ठेवली, तीच त्यांनी प्रेमाने उचलली. लाखो लोकांनी तो विकत घेतला. स्क्वेअर एनिक्समधल्या मंडळींनी तो पाहून काय ठरवले असेल, याविषयी मला फार उत्सुकता आहे. तुझे मत काय, ते पुढच्या पत्रात सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीनिवास