पी-१६ चाचणी बायोप्सीसोबतच व्हावी

महोदय,

घशाचा कॅन्सर म्हटला की घरचे आधी विचारतात, 'कितवी स्टेज?' पण टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी गाठ असेल, तर तेवढ्यावर भागत नाही. गाठीच्या किमान ७० टक्के पेशींत पी-१६ हे प्रथिन ठळक दिसलं, तर आजारामागे बहुधा एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणू असतो आणि असे रुग्ण बरे होण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्यांची स्टेजही आता वेगळी मोजतात. स्वरयंत्राच्या कॅन्सरला मात्र हे लागू नाही. शिवाय पी-१६ आहे म्हणून कुणी रेडिएशन अर्ध्यावर सोडू नये.

माझ्या मेहुण्यांच्या रिपोर्टमध्ये पी-१६ चा उल्लेखच नव्हता. बायोप्सीत काढलेला, मेणाच्या ठोकळ्यात जपलेला गाठीचा नमुना घेऊन आम्हाला परभणीहून पुण्याला पळावं लागलं. तोवर घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. मराठवाड्यात तंबाखू-चुना मळणारे गावोगावी आहेत, त्यामुळे इथे तंबाखूचाच कॅन्सर असणार असं गृहीत धरलं जातं. ते तपासून तरी बघा! छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करुग्णालयासारखी मोठी सोय आपल्या भागात आहे. जिल्हा रुग्णालयांतले असे नमुने तिथे पाठवून ही चाचणी मोफत करून द्यावी, ही आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)