अण्णांच्या डोळ्यांची चौकशी करणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. सोलापुरात एमआरआयच्या दाराशी उभ्या राहून प्रश्न विचारणाऱ्या ताई म्हटलं की तुम्ही ओळखालच.

अण्णांच्या कमरेचा एमआरआय, म्हणजे मोठ्या चुंबकाच्या मशीनमधला स्कॅन होता आणि आम्हा सगळ्यांना धास्ती होती त्यांच्या मांडीतल्या रॉडची. २००९ साली होटगी रोडला मोटारसायकलवरून पडले, तेव्हाचा तो रॉड. आत पाऊल टाकताच अण्णांनी जाहीर केलं, "ताई, पायात रॉड हाय माझ्या. मशीन ओढून घेईल का ओ?" तुम्ही हसला नाहीत. ऑपरेशनचे कागद मागितलेत, डिस्चार्ज कार्डावरचं रॉडचं स्टिकर पाहिलंत आणि ते रेडिऑलॉजिस्ट मॅडमना दाखवून आलात. मग अण्णांना समजेल असं सांगितलंत. हाडात स्क्रूने पक्का बसवलेला रॉड सहसा जागचा हलत नाही, आणि टायटॅनियमला तर चुंबक ओढत नाही. पण स्कॅनच्या रेडिओलहरींनी धातू तापू शकतो. म्हणून तो कोणता, कुठे बसवलाय आणि किती ताकदीच्या मशीनमध्ये चालतो, हे आधी कागदावर बघावं लागतं. "मांडीत गरम लागलं तर आम्हाला बोलवायला हातातला फुगा दाबायचा, लाजायचं नाही," हेही बजावलंत.

आम्हाला वाटलं, झालं. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "काका, काम काय करत होता?"

अण्णांचं आयुष्य अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलं, लेथवर यंत्रमागाचे सुटे भाग करण्यात. तुमचा पुढचा प्रश्न आला, "डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?" अण्णा सहज म्हणाले, "लई वेळा. शेजारचा पोरगा रुमालाच्या टोकानं काढायचा." तुम्ही हातातलं पेन खाली ठेवलंत आणि स्कॅन थांबवलात.

दाजी कुरकुरले. नंबर गेला, आता डोळ्यांच्या एक्स-रेचं बिल वेगळं. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत, फक्त कारण सांगितलंत. डोळ्यात रुतलेला बारीक कण वर्षानुवर्षं काही त्रास न देता बसून राहू शकतो. रॉडला हाड धरून ठेवतं, त्या कणाला धरणारं तिथे काहीच नसतं. १.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. कण सरकला तर डोळा जाऊ शकतो. एवढं ऐकल्यावर दाजीच पैसे भरायला गेले.

एक्स-रेत काहीही निघालं नाही. आभार मानायचे आहेत ते याच 'काही नाही'साठी. काही निघालं असतं तर तुमचं कौतुक गावभर झालं असतं. निघालं नाही, म्हणून दाजींच्या हिशेबात तो खर्च अजून 'फुकटचा' आहे. माझ्या हिशेबात नाही.

आईचं तर वेगळंच. बोगद्यासारख्या बंदिस्त मशीनला अण्णा घाबरतात म्हणून तिला आत त्यांच्याजवळ बसायचं होतं. तिची तपासणीही तुम्ही पेशंटइतकीच कसून केलीत. पेसमेकर, ऑपरेशन, कानाचं यंत्र, पिना, आकडे, सगळं विचारलंत. जरीकाठाची साडी बदलून गाऊन दिलात. मंगळसूत्राशी आई अडली, तेव्हा नुसती दोऱ्यात ओवलेली काळी पोत चालेल म्हणालात. सुजलेल्या बोटातलं जोडवं काही केल्या निघेना. तुम्ही खाली बसून बोटाला साबण लावलात, दोरा घट्ट गुंडाळलात, त्याचं टोक जोडव्याखालून घेतलंत आणि तो उलगडत उलगडत जोडवं बाहेर काढलंत. सून म्हणून माझ्या बायकोलाही हे जमलं नसतं, असं आई घरी आल्यावर म्हणाली. (ते तिला ऐकू गेलं, पुढचं मी निस्तरलं.)

आमच्यामागे एक कॉलेजची मुलगी होती, कानाच्या वरच्या कूर्चेत बाळी, फिरकी घट्ट बसलेली. "राहू दे की, सोन्याचीच आहे," तिची आई म्हणत होती. सोनं ओढलं जात नसलं तरी तापू शकतं आणि फिरकी सोन्याचीच असेल असं नाही, हे तुम्ही तिला सांगत होतात. तिच्यानंतरच्या आजींना तर हेच सगळे प्रश्न तेलुगूत विचारलेत. फॉर्म इंग्रजीत छापलेला आहे, पण सोलापुरात त्या फॉर्मवर विसंबून चालत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला नातेवाईक सिलिंडरसकट मशीनकडे खेचला गेला आणि दगावला. स्कॅन चालू नसतानाही चुंबक चालूच असतं, हे बाहेरच्या बाकावर बसलेल्या आमच्यासारख्यांना कुठून कळणार? तुम्ही आमची व्हीलचेअर उंबऱ्याबाहेर अडवलीत, तेव्हा दाजींना तो नुसता तोरा वाटला होता.

अण्णांचा रिपोर्ट आला, कमरेच्या मणक्यात नस दबलीय. व्यायाम चालू आहेत. रॉडच्या स्टिकरची लॅमिनेट केलेली प्रत आता त्यांच्या पाकिटात असते. बँकेत पासबुकाऐवजी तीच पुढे केली परवा.

तुमचा,
अण्णांचा थोरला