पाचवी चिमणी

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

बाबा, रविवारी फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "आता माझा कोणाला काय उपयोग, नुसता बसून असतो," आणि मला तेव्हा काही सुचलंच नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही "बरं बरं, आईशी बोल" म्हणून फोन तिच्याकडे द्याल, माहितीये मला.

धाकटीला गेल्या महिन्यात शाळेतून बी रुजवायचा प्रोजेक्ट आला. ग्लासात ओला कापूस आणि काचेला चिकटून घेवड्याच्या चार बिया. पहिले तीन दिवस नुसत्या फुगल्या, बाकी काहीच नाही, ती रोज सकाळी बघून हिरमुसायची. चौथ्या दिवशी साल फाटून पांढरं टोक बाहेर आलं आणि सरळ खाली वळलं. एक बी आम्ही चुकून उलटी ठेवली होती, तिचं मूळसुद्धा वळसा घेऊन खालीच गेलं. वर हिरवं काही दिसायच्या आधी खाली मूळ धरलेलं असतं, काच होती म्हणून दिसलं, मातीत असती तर आपण म्हटलं असतं गेली वाया. आई, मला लगेच तू आठवलीस. दादासाठी किती वर्षं गुडघे टेकून प्रार्थना करतेस आणि दर वेळी विचारतेस, देव ऐकतोय ना गं? बायबलमधे मार्कच्या चौथ्या अध्यायात येशू सांगतो ना, माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि ती रुजते, वाढते, कशी ते त्याला कळत पण नाही. दादाच्या मनात काय चाललंय ते दिसायला आपल्याकडे काच नाही, एवढंच.

मग कोंब वर आला तो बीचीच दोन दलं डोक्यावर घेऊन, शाळेत द्विदल शिकलो होतो ना तीच. खरी पानं फुटून मोठी होईपर्यंत रोपाचं पोट त्यांच्यावरच असतं. पानं वाढतात तशी ही दलं सुरकुततात, सुकतात. काल बोट लावून बघितलं तर एक अगदी पातळ, पिवळं, कागदासारखं झालंय आणि वरची पानं तळहाताएवढी. धाकटी म्हणाली, मम्मी हे खराब झालंय, तोडून टाकू? मी जवळजवळ ओरडलेच, नको, हात लावू नकोस! ते खराब नाही झालेलं बाबा, त्याचं सगळं देऊन झालंय. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हे योहान 12:24 तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं, अर्थ आत्ता कळतोय. धाकटी झोपताना जी प्रार्थना म्हणते ना, त्यातला शब्द न् शब्द तुमचा आहे, माझ्यातून तिच्यात गेलेला.

पण हे सुद्धा मी उपयोगाचंच बोलतेय आणि मला तिथे थांबायचं नाहीये.

मध्यंतरी खिडकीखाली चिमणीचं पिल्लू मरून पडलं होतं, डोळे पण उघडले नव्हते त्याचे. धाकटी खूप रडली, देवाने का नाही झेललं म्हणाली. निसर्गात सगळं गोड गोड नसतं आणि निसर्ग म्हणजे काही देव नव्हे, त्याच्या हातचं काम आहे, त्यामुळे मला घाईघाईने तिची समजूत घालावीशी वाटली नाही. रात्री बायबल काढून बसले. मत्तय 10:29 मधे येशू असं म्हणतच नाही की चिमणी पडणार नाही, तो म्हणतो पित्याच्या इच्छेशिवाय पडणार नाही, म्हणजे पडते तेव्हाही त्याच्या नजरेआड नसते. आणि एक गोष्ट इतकी वर्षं वाचून माझ्या लक्षात आली नव्हती. मत्तयात दोन चिमण्या एका नाण्याला आहेत, लूक 12:6 मधे पाच चिमण्या दोन नाण्यांना. म्हणजे पाचवी वर फुकट घातलेली, बाजाराच्या हिशोबात तिची किंमत शून्य. आणि येशू म्हणतो त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही! बाबा, ती पाचवी चिमणी कोणाच्या काय उपयोगाची होती?

यशया 46:4 पण वाचा, केस पिकेपर्यंत मी तुम्हाला वाहून नेईन असं देव म्हणतो तिथे. वाहून नेणारा तो आहे, तुम्ही काय करता हे तो विचारतच नाही. तुम्ही नुसते बसा, आईच्या शेजारी बसा, मला तुम्ही तसेच हवे आहात.

रोप आता कुंडीत लावलंय. ते सुकलेलं दल गळलं की त्याच कुंडीतल्या मातीत ठेवायचं, असं धाकटीने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. फोटो पाठवते. रविवारी फोन करीन, बाबा, लगेच आईकडे देऊ नका.

तुमची लेक