थरांच्या स्ट्रॉबेरी-क्रीमविषयी मित्रास पत्र

सातारा,
12 फेब्रुवारी

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला आमच्याकडे खाल्लेल्या थरांच्या स्ट्रॉबेरी-क्रीमची कृती वहिनींनी मागितल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. कृती चार ओळींची आहे. पण ती कुठे फसते हे सांगायला कागद लागतो, कारण माझी पहिली खेप व्याह्यांसमोरच फसली होती. काचेच्या पेल्यात बिस्किटे, क्रीम आणि फळ असा थाट मांडून तासाभराने फ्रिज उघडला, तर आत गुलाबी शिकरण! हिने ते मुकाट्याने मिक्सरमधून फिरवून मिल्कशेक म्हणून वाढले आणि व्याह्यांनी दुसरा पेला मागितला, ही गोष्ट वेगळी.

पहिली चूक फळाची. साखर लावली की स्ट्रॉबेरीला अर्ध्या तासात पाणी सुटते, आणि तेच पाणी थर बुडवते. म्हणून आता मी फळे देठासकट धुतो, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करतो आणि मगच देठ काढून चिरतो. साखर लावतो ती पाव हिश्शाला. तिचा सुटलेला रस वाया न घालवता बिस्किटांच्या भरड चुऱ्यावर शिंपडतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण खोके घेताना ते उलटे करून तळ पाहावा, कारण तिथेही थर असतात आणि टपोरा थर नेहमी वर असतो.

दुसरी चूक क्रीमची, आणि ती अधिक खोल आहे. दुकानातल्या पाकिटातील फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो. ते हात दुखेपर्यंत फेटले तरी उभे राहत नाही, त्याला 30 टक्क्यांच्या वर, शक्यतो 35 टक्के लागतात. गारव्यात स्निग्धांशाचे कण घट्ट होतात, फेटताना एकमेकांना चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती भिंत उभी करतात. ऊब लागली की ती भिंत ढासळते. भांडे आणि फेटणी आधी फ्रीजरमध्ये ठेवायची ती यासाठी. जरा अधिक फेटले की लोणी सुटते, हे सायीचे ताक घुसळणाऱ्या आपल्या आयांना कुणी शिकवावे लागले नव्हते. वनस्पती तेलाचे व्हिपिंग क्रीम झटकन फुगते, पण टाळूला चिकटून राहते. मला ते मुळीच रुचत नाही.

यातून मी काढलेली वाट म्हणजे चक्का. रात्रभर टांगलेला 200 ग्रॅम चक्का पुरणयंत्रातून काढावा, त्यात चार चमचे पिठीसाखर घोटावी आणि 200 मिलिलिटर थंडगार फ्रेश क्रीम थोडे थोडे करून हलक्या हाताने मिसळावे. फेटण्याची कटकट राहत नाही, मिश्रण चमच्यावर धरून राहते, आणि चक्क्याची किंचित आंबट चव स्ट्रॉबेरीला खुलवते. मग चुरा, मिश्रण, फळ, पुन्हा मिश्रण असे भरून पेले चार तास फ्रिजमध्ये ठेवावेत. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नयेत. चुऱ्याचा लगदा होतो.

तुम्हाला सांगलीत स्ट्रॉबेरी शिळी मिळत असेल, तर तिच्या मागे लागू नका. तासगावची बिनबियांची द्राक्षे सध्या भरात असतील. ती उभी चिरून, चिरलेली बाजू कागदाने टिपून घातली तर थर अगदी स्वच्छ दिसतात. अननस किंवा किवी मात्र कच्चे घालू नयेत, त्यांच्यातील पाचक द्रव्ये दुधाची प्रथिने फोडतात आणि सगळे कडवट होते. अननस साखरेत शिजवून, निथळून, गार करून घातला तर चालतो.

पेले रुंद तोंडाचे घ्या, म्हणजे चमचा तळापर्यंत जाईल. तुमच्या डब्यासोबत आमचे दोन पेले तिकडे आले आहेत, ते याच कामाचे आहेत. वापरा, आणि पाडव्याला येताना आठवणीने घेऊन या.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर